रुग्णशय्येवरची कात्री

आजारांतून उठणाऱ्या माणसाच्या हातून झालेल्या कलाकृतीविषयीं बोलतांना आपली टीकाबुद्धि बहुधा रजेवर जाते. शस्त्रक्रियेनंतर महिना-दोन महिने घरीं पडून असलेल्या एखाद्या गृहस्थानें जुन्या लग्नपत्रिका, औषधांचीं रिकामीं खोकीं, मासिकांचीं गुळगुळीत मुखपृष्ठें कातरून कांहीं एक रचना केली, तर समाचाराला येणारे आप्तेष्ट "वा, काय सुंदर!" म्हणून ती हातांत घेतात, आणि पुढच्याच क्षणीं तापाची व टाक्यांची चौकशी करूं लागतात. त्या "वा" मध्यें वस्तूचें कौतुक नसतें. रोग्याचा वेळ बरा गेला ह्याचें समाधान असतें. आमच्या मतें ह्याहून निष्ठुर टीका दुसरी नसेल. जें वाईट ठरूंच शकत नाहीं, तें चांगलेंही ठरूं शकत नाहीं, हें त्या बिछान्यावरच्या माणसाला बरोबर कळतें.

ह्याच्या नेमकी उलट अशी दुसरी एक चूक आहे, आणि ती घरापेक्षां पुस्तकांत अधिक आढळते. तिच्यांत रोग हाच कलेचा जनक ठरतो. शस्त्रवैद्याची सुरी चालली, देह मोडला, आणि त्या मोडलेल्या देहांतून प्रतिभेचा झरा फुटला, अशी कांहींशी पुराणकथा रचण्यांत येते. ती ऐकावयास गोड आहे. परंतु तिच्यांत चरित्र तेवढें पुढें येतें व चित्र मागें राहतें. ह्या दोन्ही चुकांना फार मोठ्या प्रमाणावर बळी पडलेला कलावंत म्हणजे फ्रेंच चित्रकार आंरी मातिस, व त्याचीं अखेरच्या काळांतलीं कागदी कातरचित्रें. २०१४ सालीं लंडनच्या टेट मॉडर्नमध्यें व त्यानंतर न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्यें ह्या चित्रांचें जें मोठें प्रदर्शन भरलें, त्याला लोटलेली गर्दी पाहतां त्यांच्या कीर्तीला आतां वकिलाची गरज उरलेली नाहीं. गरज आहे ती तीं डोळे उघडून पाहण्याची.

मातिसचा जन्म १८६९ सालच्या अखेरच्या दिवशीं उत्तर फ्रान्समध्यें झाला, आणि तो वाढला विणकरांच्या वस्तींत. कापडाचे तुकडे, भरतकामाचे नमुने, जुने पडदे गोळा करण्याचा नाद त्याला जन्मभर होता. बिऱ्हाड बदललें तरी हा संग्रह त्याच्याबरोबर हिंडे. वकिलाच्या कचेरींत कारकुनी करणारा हा तरुण १८९० च्या सुमारास आंत्रपुच्छाच्या विकारानें अंथरुणास खिळला असतां आईनें त्याला रंगांची पेटी आणून दिली, आणि त्या पेटीनें त्याला कचेरींतून कायमचें बाहेर काढलें, ही हकीकत पुष्कळांच्या कानांवर आली असेल. पुढें पन्नास वर्षांनीं, जानेवारी १९४१ मध्यें, ल्यों शहरांत त्याच्या आंतड्यांतील कर्करोगावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या वेळीं त्याचें वय एकाहत्तर होतें. मागोमाग फुप्फुसांत रक्ताच्या गांठी अडकून प्राणावर बेतलें. तो वाचला, तेव्हां शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींनीं त्याला "मेलेला उठून आलेला" अशा अर्थाचें टोपणनांव दिलें. पुढें तेरा वर्षें, ३ नोव्हेंबर १९५४ पर्यंत, तो जगला. परंतु पोटाचे स्नायू दुबळे झाल्यामुळें त्याला फार वेळ उभें राहवत नसे, आणि दिवसाचा मोठा भाग बिछान्यांत किंवा चाकांच्या खुर्चींत जाई.

पहिल्या दुखण्यानें रंग दिले व दुसऱ्यानें कात्री दिली, ही जोडी इतकी सुबक आहे कीं चरित्रकाराला मोह आवरत नाहीं. टीकाकारानें तो आवरावा. कारण कात्री दुसऱ्या दुखण्यानें दिलेली नाहीं. अमेरिकेंत फिलाडेल्फियाजवळ मेरियन येथें डॉ. बार्न्स ह्यांच्या संग्रहगृहासाठीं 'नृत्य' हें विशाल भित्तिचित्र मातिसनें १९३१ ते १९३३ ह्या काळांत केलें, तेव्हांच रंगविलेले कागद कातरून ते पटावर इकडून तिकडे सरकविण्याची युक्ति त्यानें वापरली होती. मांडणी बदलावयाची झाली कीं सारें पुन्हां रंगविण्यापेक्षां कागद हलविणें सोपें, एवढाच त्यांतला हिशेब. सुताराची पट्टी किंवा शिंप्याचा खडू ह्यांना जी पायरी, तीच त्या वेळीं कागदाला होती. काम झालें कीं तो बाजूला पडे. तेव्हां दुखण्यानें मातिसला नवी कल्पना दिली असें म्हणतां येत नाहीं. दुखण्यानें त्याचे बाकीचे रस्ते बंद केले, आणि जी गोष्ट दहा वर्षें नोकर म्हणून घरांत वावरत होती तिला घरधनीण होणें भाग पडलें. हा भेद बारीक दिसला तरी महत्त्वाचा आहे. आजार माणसाला प्रतिभा देत नसतो. फार तर तो निवड करण्याचें काम त्याच्याकडून काढून घेतो.

आतां ती रीत पाहूं. पांढऱ्या कागदांवर ग्वाश म्हणजे दाट, अपारदर्शक जलरंगाचा सपाट हात साहाय्यक स्त्रिया देऊन ठेवीत. वाळलेले रंगीत ताव मातिसच्या हाताशीं असत. तो अंथरुणांत उशांना टेकून किंवा खुर्चींत बसून कात्री घेई, आणि आधीं रेषा न आखतां सरळ कागदांत शिरे. कात्री टोकानें कुरतडत नसे. पातीं उघडीं ठेवून ती कागदांतून लांबच लांब सरके, आणि दुसरा हात कागदच तिच्यापुढें वळवीत राही. सुटलेला आकार मग भिंतीवर टाचणीनें लावावयाचा, दुरून पाहावयाचा, हलवावयाचा, वर दुसरा तुकडा लावावयाचा. चिकटविणें अगदीं शेवटीं. कित्येक रचना महिनोन् महिने नुसत्या टाचण्यांवर लोंबत होत्या, आणि खिडकींतून वारा आला कीं पानांसारख्या हलत.

ह्या रीतींत जें साधलें तें रंगाच्या कुंचल्यानें मातिसला आयुष्यभर साधलें नव्हतें, आणि हें म्हणतांना त्याच्या तैलचित्रांचा आम्ही उपमर्द करीत नाहीं. चित्रकाराची जुनी अडचण अशी कीं आधीं रेषा काढावी, मग तींत रंग भरावा, आणि भरलेल्या रंगानें रेषेला मारून टाकावें; किंवा रेषा जपावी आणि रंगाला तिच्या दारांत ताटकळत ठेवावें. कात्री चालते तेव्हां रेषा आणि रंगाची कड ह्या दोन गोष्टी राहतच नाहींत. जेथून पातें गेलें तेथेंच रेषा, आणि तोच रंगाचा अंत. शिवाय एका आकाराबरोबर दुसरा आपोआप जन्मतो: कागदांतून पान कातरलें कीं मागें पानाच्या आकाराचें भोंक उरतें. घरोघर हें उरलेलें केरांत जातें. मातिसनें तें ठेवलें व बरोबरीच्या मानानें वापरलें. 'जॅझ' ह्या त्याच्या पुस्तकांत 'आकार' नांवाचें एक पान आहे. त्यांत निळ्यावर पांढरें आणि पांढऱ्यावर निळें अशीं स्त्रीच्या धडाचीं दोन रूपें शेजारीं उभीं आहेत. कोणतें कातरलेलें आणि कोणतें उरलेलें हें सांगूं गेल्यास डोळा गोंधळतो, आणि त्या गोंधळांतच त्या पानाची गोडी आहे.

टाकाऊंतून टिकाऊ करण्याच्या कलेचा खरा अर्थ येथें हाताला लागतो असें आम्हांस वाटतें. मातिसचा कागद टाकाऊ नव्हता. चांगल्या रंगानें मुद्दाम रंगविलेला होता. टाकाऊ होतें तें उरलेलें, आणि त्याला त्यानें जागा दिली. आपल्याकडील गोधडी ह्याच जातीची आहे. जुन्या लुगड्याचा काठ गोधडींत येतो तो फुकट मिळाला म्हणून नव्हे. चांगली गोधडी शिवणारी बाई तो काठ कोठें पडला म्हणजे शोभेल हें पाहून ठेवते. काटकसर ही तेथें सुरुवात असते. काटकसरीवरच जें काम थांबतें, त्याचें घराला कौतुक असावें, समीक्षेला नको.

मातिसच्या ह्या कामांत एक जागा मात्र अस्सल घरगुती काटकसरीची आहे. १९४६ सालीं पॅरिसच्या मोंपार्नास रस्त्यावरील बिऱ्हाडांत तो पडून होता. भिंतीवर एक डाग होता, व तो त्याच्या डोळ्यांना टोंचे. त्यानें पत्र लिहावयाच्या कागदांतून एक पाकोळी कातरली आणि डागावर टाचावयास लावली. पाकोळीला सोबत म्हणून मासा आला, माशाला शेवाळ, शेवाळाला पोंवळें. आणि १९३० सालीं ताहितीला पाहिलेला समुद्र व आकाश सोळा वर्षांनीं त्या खोलीच्या दोन भिंतींवर उतरलें. 'ओशनिया' ह्या नांवाचीं तीं दोन चित्रें पुढें आशर ह्या लंडनच्या कापड-व्यावसायिकानें तागाच्या कापडावर छापून काढलीं. मातिस ताहितीहून परतला तेव्हां त्या प्रवासांतून फारसें कांहीं निघालें नव्हतें. तें निघावयास एक डाग आणि उठतां न येणारा माणूस लागला.

रुग्णाच्या दिवसाला हें काम इतकें मानवतें कां, ह्याचें उत्तर कागदाच्या स्वभावांत आहे. रुग्णाचा दिवस सलग नसतो. औषध, मलमपट्टी, डॉक्टरांची फेरी, अवेळीं येणारी झोंप, मधूनच उठणारी कळ ह्यांनीं तो आधींच कातरलेला असतो. ओला रंग वाट पाहत नाहीं. तो वाळतो, आणि पुन्हां हात घातला कीं डाग पडतो. माती सुकते. लोंकरीचे टांके मोजणारीची मोजणी चुकते. कागद मात्र कोठेंही सोडावा आणि केव्हांही पुन्हां हातीं घ्यावा; चार मिनिटांची ताकद असेल तर चार मिनिटांचें एक पान पुरें होतें आणि भिंतीवरही जातें. टाचणी तर कोणताच निर्णय कायमचा करीत नाहीं. ज्याच्या देहाविषयींचे सर्व निर्णय महिनाभर दुसरे घेत आहेत, त्याला स्वतः घेतलेला आणि उद्यां बदलतां येणारा निर्णय किती मोलाचा वाटत असेल ह्याची कल्पना निरोगी माणसानें करून पाहावी.

आतां दोष. 'जॅझ' हें पुस्तक तेरियाद ह्या प्रकाशकानें १९४७ सालीं काढलें. वीस रंगीत पानें, सर्कशीचे खेळ, लोककथा, इकारसचें पतन, आणि मधून मातिसच्या मोठ्या, वळणदार हस्ताक्षरांतला मजकूर. तें त्याच्या कातरचित्रांचें सर्वांत प्रसिद्ध रूप आहे, आणि आमच्या मतें सर्वांत कमजोरही. छपाईसाठीं तेच रंग वापरून, साच्यांतून हातानें छापलें असलें, तरी मूळ तुकड्यांची जाडी, एकावर एक चढलेल्या कडांची सावली, कुंचल्याचे उघडे फराटे हें सारें सपाट होऊन गेलें. मातिस स्वतःही त्यावर नाराज होता. भिंतीवरचें काम पुस्तकांत आलें कीं तें सजावट होतें, ही गोष्ट ज्यांच्या घरीं मातिसच्या नांवाचे पेले व पायपुसणीं आहेत त्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी.

"म्हाताऱ्याचा खेळ" म्हणून ह्या चित्रांना नांवें ठेवणारे टीकाकार त्याच्या हयातींतच होते. त्यांनीं १९५२ मधलीं चार 'निळ्या विवस्त्रा' शेजारीं शेजारीं ठेवून पाहावयास हवीं होतीं. चवथा क्रमांक दिलेली आकृति वास्तविक पहिल्यानें हातीं घेतलेली. तिच्यावर कोळशाच्या रेघा पुसून पुन्हां ओढलेल्या आहेत, लहान लहान तुकडे जोडून मांडी व खांदा बसविलेला आहे, आणि दिवसांमागून दिवस त्या एका बसलेल्या स्त्रीवर गेलेले स्पष्ट दिसतात. बाकीच्या तिघी मग थोड्या वेळांत, जवळजवळ एका दमांत कातरल्या गेल्या. त्या तिघींची सहजता पाहून आपण "खेळ" म्हणतों. चौथीनें त्या खेळाची किंमत आधींच चुकती केलेली असते. आम्हांस त्या चौघींत ही कष्टी, जोडकाम केलेली चौथीच अधिक आवडते, मग लोकांची आवड कांहींही असो.

एक गोष्ट मात्र स्तुति करणारे व निंदा करणारे दोघेही झांकून टाकतात, आणि ती घरांतल्या माणसांच्या जवळची आहे. हीं चित्रें एका हातानें झालेलीं नाहींत. कागद रंगविणाऱ्या, शिडीवर चढून टाचण्या लावणाऱ्या, "आणखी डावीकडे, थोडें खालीं" हें ऐकत तासन् तास उभ्या राहणाऱ्या तरुण स्त्रिया होत्या. त्या साऱ्यांवर लिडिया डेलेक्टोर्स्काया ह्या रशियन बाईंची देखरेख असे. १९४२ सालीं रात्रीची परिचारिका म्हणून आलेली मोनिक बुर्ज्वा ही मुलगी पुढें संन्यासिनी झाली, आणि तिच्याच निमित्तानें व्हांस गांवच्या प्रार्थनामंदिराचें काम मातिसकडे आलें. १९४८ ते १९५१ ह्या वर्षांत त्यानें तेथल्या खिडक्या व पुढें धर्मोपदेशकांचे झगेसुद्धां कागद कातरूनच योजिले. परावलंबी माणसाला दुसऱ्याचे हात लागतात ह्यांत कमीपणा कोणता? प्रश्न त्या हातांनीं काय करावें हा आहे. मातिसच्या भोंवतालच्या हातांनीं त्याचें कौतुक केलें कीं नाहीं हें गौण आहे. त्यांनीं टाचणी सांगितली तेथें लावली. आपल्या घरच्या रुग्णाला "छान झालंय हो" म्हणणारीं दहा माणसें मिळतात, आणि "हा तुकडा कोठें लावूं?" असें विचारून खुर्चीवर चढणारें एखादेंच.

ह्याच संदर्भांत आपल्या देशांतलें एक नांव घेतल्याशिवाय पुढें जाणें अन्यायाचें होईल. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी हे १९०४ सालीं जन्मले. एक डोळा लहानपणापासूनच निकामी व दुसरा अतिशय अधू, अशा अवस्थेंत त्यांनीं १९४६-४७ सालीं हिंदीभवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचें प्रचंड भित्तिचित्र रेखाटलें. पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्या डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, ती फसली, आणि होती नव्हती ती दृष्टि गेली. त्यानंतर त्यांनीं कागद हातीं घेतला. मातिसचा शस्त्रक्रियेनंतर पुनर्जन्म झाला असें म्हणतात. मुखर्जींच्या वांट्यास शस्त्रक्रियेनेंच अंधार आला, आणि तेथें बरें होण्याचा प्रश्नच नव्हता. कागद कातरतांना रेषेला धार असते, ती बोटाला कळते. एक तुकडा दुसऱ्यावर किती चढला हेंही बोट सांगतें. रंग मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांनीं विचारून घ्यावा लागणार आणि आपल्या स्मरणांत ताडून पाहावा लागणार. त्यांच्या कातरचित्रांतल्या माणसांना म्हणून वजन आहे. मातिसचीं माणसें पाण्यांत तरंगतात, मुखर्जींचीं जमिनीवर बसलेलीं असतात. १९७२ सालीं त्यांनीं कलाभवनाच्या भिंतीवर टाइलांचें मोठें चित्र साकारलें, आणि त्याच वर्षीं त्यांचे एके काळचे विद्यार्थी सत्यजित राय ह्यांनीं त्यांच्यावर 'द इनर आय' हा अनुबोधपट काढला. तो पाहणाऱ्याला गहिंवर येतो हें खरें. परंतु आंधळ्यानें केलें म्हणून जें थोर वाटतें, तें आंधळ्यानें केलें हें न सांगतां समोर ठेविलें तरी थोर वाटावें, ह्याच कसोटीला मुखर्जी उतरतात.

ह्या कसोटीवर आज बाजारांत मिळणाऱ्या रुग्णांच्या विरंगुळ्याच्या पेट्या मात्र टिकत नाहींत. त्यांत फुलें आधींच कातरलेलीं असतात, कोठें काय चिकटवावें त्याचे आंकडे छापलेले असतात, आणि चुकण्याची सोयच ठेवलेली नसते. दिवाळीच्या आधीं आठ दिवस घरांत पतंगाच्या कागदांचा पसारा घालून मुलांनीं केलेला, एका बाजूला कललेला आकाशकंदील ह्या पेट्यांपेक्षां पुष्कळ वरच्या दर्जाचा. कारण त्याच्या करंज्या कोणी तरी स्वतः मोजल्या व चुकविल्या आहेत. शस्त्रक्रिया होऊन घरीं आलेल्या माणसाला आपण कात्री देतों आणि कातरण्याचें काम कारखान्याला देतों, ह्याचा अर्थ त्याचा हात अजून बरा झालेला नाहीं असें आपण त्याच्याही आधीं ठरवून टाकतों.

१९५२ च्या उन्हाळ्यांत मातिसला पोहणारे पाहावयाचे होते. नीस येथील घरून तो कानला गेला, ऊन सोसेना म्हणून परत आला, आणि आपणच एक तलाव करूं म्हणाला. जेवणाच्या खोलीच्या भिंतींना गोणपाट लावलेलें होतें. त्यावर डोक्याच्या किंचित् वर पांढऱ्या कागदाचा एक पट्टा चारी बाजूंनीं फिरविण्यांत आला, आणि त्या पट्ट्यांतून निळे देह सूर मारूं लागले. कोठें पट्ट्याच्या बाहेर गेले, कोठें अर्धे पाण्यांत विरघळले. हा 'जलतरण-तलाव' पुढें न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत गेला. गोणपाट कालांतरानें काळवंडलें, ठिसूळ झालें आणि कागदालाही डाग पडूं लागले, तेव्हां तो भिंतीवरून उतरवून कित्येक वर्षें दुरुस्तींत ठेवावा लागला. जुनें गोणपाट सोडवून काढण्याचें काम एखाद्या शस्त्रक्रियेइतकेंच नाजूक होतें. २०१४ मध्यें तो पुन्हां प्रेक्षकांपुढें आला, तो मूळ जेवणघराच्या मापानें बांधलेल्या खोलींत, आणि मातिसनें लावविला होता त्याच उंचीवर.